पंचमीचं पाणी पावणेचारला: तीन वाढत्या वयाची मुलं आणि अकरा दिवसांचा किनारा

भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते. रात्री साडेदहाला फोन वाजला. ज्या घरासाठी दीड महिना खपून मी सहलीचा कागद केला होता, त्या घरातली सून बोलत होती. आवाज अगदी खाली. बहुधा न्हाणीघरात उभी असावी. "आम्ही उद्या परत फिरायचं म्हणतोय. मुलं कुणाशी बोलत नाहीयेत, ह्यांनी जेवताना ताट सारलं, आईंचं डोकं चढलंय. पुढच्या बुकिंगचं काही करता येईल का?"

मी दापोलीत राहते आणि कुटुंबांना किनाऱ्याच्या सहली आखून देते. असे फोन मला नवे नाहीत. एरवी त्यांची कारणं साधी असतात: खोली वाईट, गाडी बंद पडली, कुणाचं पोट बिघडलं. इथे सगळं ठीक होतं, तरी सहल तिसऱ्या दिवशीच मोडत होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. घराची परवानगी घेतली आहे, नावं गाळली आहेत.

घर आणि आधीचा बेत

माणसं नऊ. आजोबा बहात्तर वर्षांचे, मूळचे विजयदुर्गच्या खाडीकाठचे, आयुष्य ठाण्यात गेलेलं. आजी. मुलगा, सून आणि त्यांची दोन मुलं: सोळा वर्षांची मुलगी, जिला घरातली सगळी मुलं ताई म्हणतात, आणि तेरा वर्षांचा धाकटा. आजोबांची मुलगी, म्हणजे या दोघांची आत्या, तिचा नवरा आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला इथे आतेभाऊ म्हणते, आणि ताईच्या वडिलांना, त्याच्या नात्याने, मामा. त्याला दमा आहे आणि पंप कायम खिशात असतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

बेत सुरू झाला तो क्रूझवरून. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावर पाच रात्री, लक्षद्वीपपर्यंत, असं मुलांना हवं होतं. तिघांनी मिळून मोबाइलवर त्याची चित्रफीत दाखवली, खर्चाचा तक्तासुद्धा केला. आजोबांनी विचारलं, "यात आपलं कोकण कुठे दिसतं?" दिसत नाही, हे खरंच आहे. मुंबई-गोवा जहाज संध्याकाळी सुटतं आणि सकाळी गोव्याला लागतं. रत्नागिरी, देवगड, मालवण सगळं अंधारात मागे जातं. २०१८ साली 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हाही हेच होतं. जहाजाला नाव कान्होजी आंग्र्यांचं, पण त्यांच्या किल्ल्यांपैकी डेकवरून दिसणार काय, तर लांबवरचे दिवे.

मग मी मधला मार्ग सुचवला आणि मला त्याचा भलताच अभिमान होता. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या घेऊन जाणाऱ्या बोटीने, गाडीसकट मांडवा, आणि तिथून मालवणपर्यंत वाटेतली प्रत्येक खाडी शक्य तिथे फेरीबोटीने ओलांडायची. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मुलांना मी फोनवर सांगितलं होतं, "पाच बोटी, अकरा दिवस, हेच आपलं क्रूझ." कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. ती शांतता मी होकार धरली. माझी पहिली चूक तिथेच झाली.

पहिले तीन दिवस

रो-रोचा पहिला तास सोन्यासारखा गेला. गाडी खालच्या मजल्यावर, माणसं वर. तिघं मुलं वरच्या डेकवर गेली ती मांडवा येईपर्यंत खाली आली नाहीत आणि कुणी त्यांना हाकही मारली नाही. या तासाकडे मी तेव्हा लक्ष दिलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

त्यानंतर माझा कागद सुरू झाला. त्यावर तीन दिवसांत पाच देवळं, तीन किल्ले, दोन 'पाहण्याजोगे' किनारे, एक सुपारीची वाडी. सकाळी साडेसातला निघायचं, कारण आजोबा पाचला उठतात. जंजिऱ्यासाठी राजपुरीला शिडाच्या होडीत बसून मुलं जरा खुलली होती, पण उतरल्यावर गाइडचं ऐकायचं, मग ओळीने फोटो, मग पुन्हा गाडी. गाडीत मामा आणि आतेभावाचे वडील समोर बसून पेट्रोल, रस्ते आणि शेजाऱ्यांचं फ्लॅटचं भांडण यावर बोलत होते. मुलांनी कानात बोंडं घातली. मोठ्यांना तो अपमान वाटला.

श्रीवर्धनच्या बाजूला ज्या घरगुती निवासात तीन खोल्या ठरल्या होत्या, तिथे ऐनवेळी दोनच निघाल्या. मुलांना हॉलमध्ये गाद्या घालून दिल्या. हॉलमधूनच न्हाणीघराचा रस्ता, हॉलमध्येच टीव्ही, आणि रात्री बारा वाजता पाणी प्यायला उठलेले आजोबा दिवा लावून विचारतात, "अजून जागे?" सोळा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला सुद्धा आजीच्या खोलीचं दार वाजवावं लागत होतं. सून म्हणाली, "एक रात्र काढायला काय हरकत?" त्या वयात एक रात्रही मोठी असते.

तिसऱ्या दिवशी, पंचमीला, हरिहरेश्वर. मुलं रात्री उशिरा झोपलेली, सकाळी उठेनात. दहाला निघायचं ते बारा वाजले. देवदर्शन, जेवण, आणि मग प्रदक्षिणेच्या मार्गावर जायचं ठरलं तेव्हा दोन वाजून गेले होते. तो मार्ग देवळामागून वर चढतो आणि कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट खडकांवर येतो. खडकांना लाटांनी जाळी पडलेली आहे. ओहोटीला तिथून चालत जाणं सुंदर आहे. भरती चढत असताना तीच जागा जीवघेणी. माणसं तिथे वाहून गेली आहेत.

फुलं-नारळ विकणाऱ्या एका काकांनी त्यांना हटकलं. "आज पंचमी. पाणी पावणेचारला भरतंय. आता खाली जाऊ नका."

मामा म्हणाले, "अजून दीड तास आहे की."

"दीड तास भरायला आहे. चढायला लागून चार तास झाले." काकांनी एवढंच सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मग जे व्हायचं ते झालं. तुम्ही वेळेवर उठला असता तर, तुम्ही हॉलमध्ये झोपवलं नसतं तर, आम्ही कुठे यायचं म्हटलं होतं. आजी मध्ये पडल्या आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. वेसवीच्या फेरीवर कुणी गाडीतून उतरलंसुद्धा नाही. सावित्री नदीच्या मुखाशी सूर्य बुडत होता आणि नऊ माणसं काचा वर करून बसली होती. रात्री आंजर्ल्यात पोचल्यावर तो फोन आला.

फक्त आतेभावाने एक गोष्ट केली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. सगळे गाडीकडे गेल्यावर तो परत काकांकडे गेला आणि त्यांनी मोबाइल न बघता वेळ कशी सांगितली ते विचारून आला.

ओट्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंजर्ल्याला गेले. त्या दिवशी हर्णैहून सुवर्णदुर्गला होडी ठरली होती. मोठे तयार होऊन अंगणात उभे. ताई पांघरूण डोक्यावर ओढून, "मी येत नाही." का, तर "असंच." मामांच्या मते नखरे. मी मोठ्यांना म्हटलं, तुम्ही जा, धाकट्याला न्या, मी इथे थांबते. आतेभाऊही राहिला.

खरं कारण आत्याने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. ताईची पाळी आदल्या रात्री आली होती. होडीत जाऊन-येऊन, किल्ल्यावर फिरून दोन-अडीच तास जाणार, तेवढ्यात कुठे सोय नाही. हे वडिलांसमोर अंगणात सांगण्यापेक्षा तिने नखरेल ठरणं पत्करलं. माझ्या कागदावर होडीची वेळ होती, जाकिटं होती, तिकीट होतं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा होत्या. स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्यानंतर किती वेळ नाही, याची एक ओळ नव्हती. इतक्या वर्षांत ती कधीच नव्हती. आता प्रत्येक कागदावर पहिली असते.

होडी परत आल्यावर, घावणे खाऊन झाल्यावर, तिघांना घेऊन मी ओट्यावर बसले. मोठ्यांना माडीवर पाठवलं. मी एकच विचारलं: "तुम्ही त्या जहाजावर गेला असतात, तर पहिल्या दिवशी काय केलं असतं?"

धाकटा लगेच म्हणाला, "घसरगुंडी."

आतेभाऊ: "रात्री अकराला पिझ्झा. आपला आपण जाऊन."

ताई बराच वेळ ओट्याची कड नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "तिथे प्रत्येकाला कार्ड देतात. आपलं कार्ड, आपली खोली उघडते. आणि कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं ना, बोटीतून जाणार कुठे?"

तिघांपैकी कुणीही समुद्राचं नाव काढलं नाही.

मला तिथे उलगडा झाला. मोठ्यांनी 'क्रूझ' ऐकलं आणि पाणी, बोट, खर्च असा विचार केला. मीही तोच केला आणि पाच बोटी जमवून खूश झाले. मुलांना हवा होता तो जहाजाचा कठडा. चारी बाजूंनी कठडा असला की आईबाप निर्धास्त होतात आणि आतल्या आत मूल मोकळं होतं. रो-रोवर तो एक तास नेमकं हेच झालं होतं. आमच्या सहलीत कठडा कुठेच नव्हता, म्हणून प्रत्येक पावलाला "कुठे चाललास?" होतं.

मग मोठ्यांना खाली बोलावलं. पुढचा तासभर वाटाघाटी झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा चिडून. ठरलं ते असं. प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर वाडीचा कठडा ठरवायचा: अमुक देऊळ ते तमुक पऱ्या (ओहोळ), वरचा रस्ता ओलांडायचा नाही, पाण्यात एकट्याने पाय घालायचा नाही. त्या हद्दीत मुलांनी कुठेही जावं, कुणी विचारायचं नाही, रात्री दहापर्यंत. तिघांनी एकत्र असायची सक्ती नाही. तिथे फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून वेळेवर परत येणं हेच उत्तर. मुलांना वेगळी खोली; ताईला आत्याबरोबर, मुलगे दोघं एकत्र. यासाठी पुढच्या दोन मुक्कामांना मला खोल्या बदलून घ्याव्या लागल्या आणि एकूण खर्च अकरा हजारांनी वाढला. मामांना ते जड गेलं. दिवसाला एकच 'बघायचं' ठिकाण, आणि गाडी नऊच्या आधी निघणार नाही. आजोबांनी सकाळी पाच ते आठ स्वतःचे स्वतः फिरायचं. यावर आजोबा म्हणाले, "मला कोणी विचारलं होतं साडेसातचं? मी तर तुमच्यासाठी तयार होऊन बसत होतो."

पाऊणपट

राहिला प्रश्न वेळा कोण ठरवणार हा. मामा ठरवणार म्हटलं की मुलांचं तोंड फुगतं. मुलांनी ठरवायचं म्हटलं की मामांचा रक्तदाब. तेव्हा आतेभावाने खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढला. हरिहरेश्वरच्या काकांनी सांगितलेला हिशेब त्याने त्यावर लिहून घेतला होता.

किनाऱ्यावर हा हिशेब जुना आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा. दुपारी तेवढ्या वाजता आणि पहाटेही साधारण तेवढ्याच वाजता. मधे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्णपक्षातही पुन्हा प्रतिपदेपासून तसंच. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा डोक्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागे असतं, म्हणून हा आडाखा चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

आमची सहल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तृतीयेला सुरू झाली होती, त्यामुळे हिशेब सोपा होता. रोज एक तिथी, रोज पाऊण तास पुढे. मी त्याला एक वही दिली. पाण्याजवळची प्रत्येक गोष्ट त्याने ठरवायची: पोहायला कधी, खडकावर कधी, होडी कधी.

आजोबा हे ऐकत होते. "माझ्या आईला यायचं हे," म्हणाले. "तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जायची ना. पंचांग भिंतीवर असायचं, घड्याळ घरात नव्हतं." मग जरा थांबून, "मी कधी विचारलं नाही तिला."

समुद्रस्नानाचा नियम मी घातला आणि त्यात चर्चा ठेवली नाही. पाणी चढत असतानाच, कमरेच्या आत, मोठं माणूस समुद्राच्या बाजूला उभं. सुकती लागली की बाहेर, कारण उतरतं पाणी आत ओढतं. दोघा मुलग्यांना पोहता येतं, पण तरणतलावात. माझ्या अनुभवात न पोहणाऱ्या पोरापेक्षा तरणतलावात बक्षीस मिळवलेल्या पोराची जास्त काळजी घ्यावी लागते. पाचव्या दिवशी, सप्तमीला, गुहागरात भरती सव्वापाचला होती. वहीत लिहिलं होतं: "३ ते ५ पाणी. ५.१५ नंतर कोणी नाही, मामा पण नाही." सव्वापाचला मामा खरोखर पाण्यात उभे होते आणि पंधरा वर्षांच्या पोराने त्यांना शिट्टी मारून बाहेर काढलं. मामा आले. मला हे आत्याने फोनवर हसत सांगितलं.

पुढचे दिवस

दाभोळची फेरी, वाशिष्ठीचं मुख, चिपळूणचा वळसा वाचला, यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं सुरळीत झालं.

सहाव्या दिवशी हेदवीची बामणघळ. खडकातल्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि कारंज्यासारखी वर उसळते, ते बघायला लोक जातात. माझ्या मूळ कागदावर सकाळी दहाची वेळ होती. दहाला त्या दिवशी पाणी उतरत होतं. आतेभावाने ती खोडून संध्याकाळी पाच केली. निघताना त्याने मामांना बजावलं, "आज अष्टमी आहे. भांग. वेळ बरोबर असली तरी जोर नसेल." मामा म्हणाले, आलोच आहोत तर बघू. पाणी माणसाच्या कमरेइतकं उसळलं आणि बसलं. दोन-तीनदा तसंच झालं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तर तो खांदे उडवून म्हणाला, "सांगितलं होतं." मामांनी त्या दिवसापासून त्याला वेळ विचारायला सुरुवात केली, हा माझ्या दृष्टीने बामणघळीपेक्षा मोठा चमत्कार.

सातव्या दिवशी मात्र तो तोंडावर आपटला. पाण्याच्या हिशेबात इतका रमला की तवसाळच्या फेरीच्या सुटण्याच्या वेळाच बघायच्या राहिल्या. गाडी धक्क्यावर पोचली तेव्हा बोट नुकतीच सुटून शास्त्री नदीच्या मधोमध होती. पाऊण तास थांबणं आलं. पूर्वी अशा वेळी गाडीत जे झालं असतं ते मला सांगायला नको. या वेळी कुणी काही बोललं नाही, कारण बोलणार कोण? ज्याची चूक तो स्वतःच वही चावत बसला होता.

त्या पाऊण तासात आजोबा बोलायला लागले. समोर जयगड दिसत होता, तिथूनच विषय निघाला. त्यांच्या लहानपणी मुंबईहून गावी यायचं तर आगबोट. भाऊचा धक्का, मग जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग. बोट धक्क्याला लागत नसे तिथे ती लांब उभी राहायची आणि पडाव, म्हणजे होडी, यायचा. खलाशी पोरांना बखोट्याला धरून खाली सोडत. जयगड यायच्या आत त्यांना बोट लागलेली असायची. धाकट्याला 'बोट लागणे' म्हणजे उलट्या होणे हे तेव्हा प्रथम कळलं आणि पुढचे चार दिवस त्याने तो शब्द सोडला नाही. पावसाळ्यात बोटी बंद. तरी आजोबांच्या आईला बोटीची धास्ती होती, ती 'रामदास'मुळे. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मुलांनी यावर इतके प्रश्न विचारले की फेरी आली तरी आजोबांना उठू देईनात. देवळांची माहिती ऐकताना पेंगणारी हीच मुलं. आजोबांनी ही गोष्ट त्यांना कधीच सांगितली नव्हती, कारण "मुलांना असलं काय सांगायचं?"

ताईला मी रोजच्या एका जेवणाचे पैसे हातात द्यायला लावले होते. नऊ माणसांसाठी पंधराशे. कुठे आणि काय ते तिने ठरवायचं. पहिल्या दिवशी सोलकढीचेच दोनशे गेले आणि आत्याने गुपचूप भर घातली. दुसऱ्या दिवसापासून ती आधी भाव विचारू लागली. रत्नागिरीत ती थिबा राजवाड्यात आलीच नाही, बाहेर आईस्क्रीम खात बसली. ते मी अपयश धरत नाही.

विजयदुर्गला मात्र ती जागी झाली. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. वडिलांनी ते मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं. तिने तिथेच मोबाइल काढून वाचलं. ग्रहणात सूर्याचा वर्णपट बघितला तो गुंटूरला जान्सन यांनी, आणि लॉकियर यांनी निरीक्षण केलं ते ऑक्टोबरात, तेही इंग्लंडमधून. वडील म्हणाले, "इथले लोक काय उगाच सांगतात?" वाद झाला, पण तसा वाद मला कधीही चालेल. आजोबांचं घर जिथे होतं तिथे आता जांभ्याचा चौथरा आणि एक रातांब्याचं झाड आहे. तिथे सगळे दहा मिनिटं उभे राहिले. कुणी फोटो काढला नाही, ही त्या सहलीतली बहुधा एकमेव जागा.

मालवण, आणि जे जमलं नाही

नववा दिवस कार्तिकी एकादशी. मी तारखा लावताना ते पाहिलंच नव्हतं. मालवणात पोचायचं आणि आजी-आजोबांना उपास, मुलांना सुरमई. वरीचे तांदूळ एका पंगतीत आणि मासळी दुसऱ्या, मागच्या पडवीत, असं घरमालकिणीने जमवलं. आजींना ते आवडलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळभर जपमाळ सोडली नाही.

स्कूबा हा मुलांच्या यादीतला एकमेव मोठा मुद्दा मी मूळ कागदात ठेवला होता. आतेभावाचा दमा मला आधी कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. होडीवर चढायच्या आधी तिथला फॉर्म भरताना तो निघाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दम्याच्या मुलाला टाकी लावून खाली नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ताई आणि धाकटा खाली गेले. हा जाकीट घालून, नळी तोंडात धरून वरच तरंगला. सिंधुदुर्ग समोर होता, पाणी निवळशंख होतं, पण त्याचा चेहरा मला आत्याने पाठवलेल्या फोटोत दिसला. एका आठवड्यात कमावलेलं बरंचसं त्या फॉर्मच्या एका ओळीत गेलं. आता मी बुकिंगच्या वेळीच आजारांची चौकशी करते, आणि ती आईवडिलांना वेगळी, मुलाला वेगळी करते. दोन्हीकडून तेच उत्तर येतं असं नाही.

त्या संध्याकाळी त्याने वाडीचा कठडा मोडला. दहा वाजले तरी आला नाही. साडेदहाला मामा बॅटरी घेऊन निघाले, तर तो देवबागच्या बाजूला रापणीच्या होड्यांजवळ बसलेला सापडला. मामा काय बोलले ते दोघांपैकी कुणीही सांगत नाही. अकराच्या पुढे दोघं परत आले. दुसऱ्या दिवशी त्याची वही नेहमीप्रमाणे भरलेली होती, वर एक नवी ओळ: "पाऊणपट इथे चुकतेय. पाणी लवकर भरतं." खरं आहे. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला मुंबईच्या आधी पाणी भरतं. मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून त्याने फरक काढला होता. उत्तरेपेक्षा इथे चढ-उतारही कमी, हेही लिहिलं होतं.

दहाव्या दिवशी, द्वादशीला, दुपारच्या ओहोटीत कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा उघडा पडला तेव्हा सगळे त्यावर होते. संध्याकाळी राहत्या घरी तुळशीचं लग्न. अंतरपाट धरायला दोन माणसं हवी होती. मालकिणीने ताईला हाक मारली. ती आजींकडे बघून म्हणाली, "चालेल ना आता?" आजी म्हणाल्या, "धर की." चौथ्या दिवशीची गोष्ट आजींना माहीत होती, हे ताईला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी कुडाळहून रेल्वेने ठाणे. गाडी ड्रायव्हरने रिकामी नेली.

हिशेब म्हणून सांगायचं तर मूळ कागदावरच्या एकवीस ठिकाणांपैकी नऊच झाली. सुवर्णदुर्ग ताईचा राहिला, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सगळ्यांची. आत्याचे यजमान मला अजूनही म्हणतात की पैसे एवढे घेऊन तुम्ही त्यांना वाडीत झोपवलंत. मामांनी पुढे कुणाला माझं नाव सुचवल्याचं ऐकिवात नाही.

जानेवारीत आतेभावाचा मेसेज आला. "मे महिन्यात उधाण कधी? बामणघळ नीट बघायची आहे. ताई पण येतेय, तिचा सुवर्णदुर्ग राहिलाय. मोठे कोणी नाही, फक्त आजोबा." मी पंचांग काढून अमावास्या आणि पौर्णिमेच्या पुढच्या दोन-दोन तिथी त्याला लिहून दिल्या, तवसाळ फेरीच्या वेळा जोडल्या आणि खाली लिहिलं की सुवर्णदुर्गची होडी हवी असेल तर २५ मेच्या आत या, नंतर पावसाळ्यासाठी बंद होतात. त्याचं उलट उत्तर आलं: "आजोबा विचारतायत, सकाळी किती वाजता निघायचं ते आम्ही ठरवायचं ना?"